चौदा तोंडं

२८ जानेवारी

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद, नेहमीइतकेच. सोबत एक तक्रार, ती मात्र नेहमीपेक्षा मोठी.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडायला लागतो, म्हणून महत्त्वाचं काही असलं की पत्रच लिहायचं, असं आपलं ठरलंय. तर ऐक. आमच्या लॅबमध्ये शेवटी तो स्कॅनर आणि कॉम्प्युटर आला. आता कवळीचे दात मेणात बसवायचे नाहीत, पडद्यावर बसवायचे. मालकांनी सोमवारी आम्हा पाचजणींना उभं केलं आणि सांगितलं की खुर्च्या दोनच आहेत. मार्चअखेर ज्या दोघींना पडद्यावर अख्खी कवळी करता येईल त्या तिथे बसतील, बाकीच्या तिघी पॅकिंगला. चोवीस वर्षं मी दात बसवतेय. आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावू?

हेही मी गिळलं असतं. पण मालक पुढे म्हणाले, की तुमच्या बहिणीकडून शिका. आमच्या दुसऱ्या, मोठ्या लॅबमध्ये ती दर तीन महिन्यांनी काहीतरी नवं शिकते, घर सांभाळून, नोकरी सांभाळून, वेळेचं काय सुरेख नियोजन करते! हे त्यांनी सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघत सांगितलं. मी हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण हसले.

तुला पहिला दात मेणात बसवायला कोणी शिकवलं, ते मालकांना माहीत नाही. तू तो उलटा बसवला होतास, हेही माहीत नाही. मी सांगितलं नाही, याची नोंद घे.

तर ती तुझी काय पद्धत आहे ती एकदा लिहून पाठव. मला नकोय, आमच्या इथल्या मुलींना हवीये. आणि रविवारी येऊन शिकवते वगैरे म्हणू नकोस. माझ्या घरी मला कोणी शिकवायला येण्याची वेळ अजून आलेली नाही.

तुझे भावोजी बरे आहेत. तुझं कौतुक मी त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, हुशारच आहे ती. त्या दिवशी त्यांना चहा गार मिळाला.

लोभ ठेव. तुझ्या वेळेच्या तक्त्यात त्याला जागा उरली असेल तर.

तुझी ताई

१ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. हसू जास्त आलं, हे खरं सांगते.

पद्धत म्हणजे काही मोठं नाही. एका वेळी एकच गोष्ट शिकायची. मी पहिल्या वर्षी तीन गोष्टी एकदम घेतल्या आणि एकही धड झाली नाही. जी घेतली तिला रोज अर्धा तास, आणि तो सकाळचा, लॅब सुरू व्हायच्या आधी. संध्याकाळी डोकं भाजीत आणि डब्यांत अडकलेलं असतं, तेव्हा काही शिरत नाही. हा अर्धा तास कुठून आणायचा, तर घरातलं एक काम कायमचं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. आमच्याकडे इस्त्री गेली. कपडे चुरगळलेले असतात, पण कोणी मेलं नाही.

आणि दर शनिवारी एक चिठ्ठी लिहायची. तीनच ओळी. काय जमलं, कुठे अडलं, पुढे काय. मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या आठवड्याचा पहिला अर्धा तास तिथूनच सुरू होतो. चिठ्ठी दुसऱ्या कोणाला तरी दाखवायची, म्हणजे आळस होत नाही. तू मला पाठव. म्हणजे तुमच्या इथल्या मुलींनी पाठवल्या तरी चालेल.

कॉम्प्युटरमध्ये सरावाचं एक फोल्डर असतं. त्यात खऱ्या रुग्णांच्या जबड्यांची स्कॅन आहेत, दात नसलेली. आम्ही त्यांना तोंडं म्हणतो. आज किती तोंडं झाली, असं विचारतो. एकेक घ्यायचं, हिरडीची कड आखायची, दात बसवायचे, चावा जुळतो का बघायचं. मला पाच तोंडांना तीन आठवडे लागले होते.

तू म्हणतेस तसं मालक माझं कौतुक करत असतील. इथे मात्र दारातच काचेचं कपाट आहे आणि त्यात तू पंधरा वर्षांपूर्वी केलेली कवळी ठेवलेली आहे. पाहुणे आले की मालक आधी तिथे थांबतात. दात असे बसले पाहिजेत, म्हणतात. मी रोज सकाळी त्या कपाटावरून माझ्या खुर्चीवर जाते. नऊ वर्षं झाली.

मी रविवारी येऊ शकते. नको म्हणालीस तरी एकदा विचारते.

भावोजींना नमस्कार. चहा गरम द्यावा ही विनंती.

लोभ आहेच, मोजत नाही, म्हणून तक्त्यात नाही.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद वि. वि. तुझी पद्धत आम्ही लागू केली आहे. 'आम्ही' म्हणजे मी.

भांडी तुझ्या भावोजींच्या गळ्यात घातली. पहिल्या दिवशी त्यांनी कढई अशी घासली की तिचा रंग काय आहे ते लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी एक कप गेला. तिसऱ्या दिवसापासून ते भांडी घासताना बातम्या लावतात आणि मला म्हणतात, तू जा, तुझी अर्ध्या तासाची गाडी चुकेल. कपाटावर तक्ता चिकटवलाय. शेजारीण बघून गेली आणि म्हणाली, परीक्षा कोणाची आहे? मी म्हटलं, ह्यांची.

चिठ्ठ्या सोबत जोडते. पहिल्या आठवड्यात दोन तोंडं झाली. दुसऱ्या आठवडाअखेर पाच. म्हणजे तुला तीन आठवडे लागले ते मला दोन. आता तू म्हणशील, ताईला मेणाची सवय, जबडा ओळखीचा. असेल. मधल्या ओळीत 'कुठेही नाही' असं लिहिलंय, ते विसरून नव्हे. अडलं नाही, तर काय लिहू?

ते कपाट अजून आहे तर. मला वाटलं होतं, कधीच काढलं असेल. कोणी पुसतं का काच?

रविवारी येण्याचं कारण उरलेलं नाही.

लोभ चालू दे, मी पुढे गेले तरी.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. चिठ्ठ्या मिळाल्या. दोन आठवड्यांत पाच! अभिनंदन, मनापासून. म्हणजे मनापासून करायचा प्रयत्न केला. दुपारभर माझ्या पोटात दुखत होतं, ते जेवणामुळे नव्हतं.

एक विचारते, रागावू नकोस. खालच्या जबड्याची कड आखताना तुला काहीच अडलं नाही? तिथे माझी रेघ सारखी घसरायची. जिभेच्या बाजूला पडद्यावर जबडा फिरवावा लागतो आणि फिरवला की आधीची खूण हलते. मी चार दिवस रडकुंडीला आले होते. तुझी काही युक्ती असली तर मला सांग, मी इथल्या मुलींना दाखवीन.

काच मी पुसते. दर सोमवारी. दुसरं कोणी पुसत नाही.

लोभ असावा. युक्तीही असावी.

तुझी धाकटी

५ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. युक्ती काही नाही. नजर लागते. ती तक्त्यावर येत नाही.

चिठ्ठ्या जोडल्या आहेत. तिसऱ्या आठवडाअखेर नऊ, चौथ्या अखेर चौदा. होय, चौदा तोंडं. पुन्हा वाचू नकोस, आकडा बरोबर आहे. मधली ओळ कोरी आहे, कारण लिहायला काही नव्हतं.

तुला पाच तोंडांना तीन आठवडे लागले हे पुन्हा वाचलं आणि काळजी वाटली. चष्म्याचा नंबर एकदा तपासून घे. वय झालं की असं होतं, आणि तू माझ्याहून सहाच वर्षांनी लहान आहेस. तुला हवं असेल तर मी एखाद्या रविवारी येऊन दाखवते. तुझ्यासारखी मी मागे लागणार नाही, पण विचारून ठेवते.

इथल्या बाकीच्या चौघी अजून दुसऱ्या-तिसऱ्या तोंडावर आहेत. त्यांना मी काही बोलत नाही. आपण पुढे असलो की गप्प राहावं.

लोभ ठेव आणि हेवा करू नकोस, तब्येतीला चांगला नसतो.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आनंदाची बातमी. तुझ्या चारही चिठ्ठ्या मी मालकांना दाखवल्या. ते थक्क झाले. म्हणाले, चौदा? या वयात? मी म्हटलं, ताई आहे माझी.

त्यांनी ठरवलंय की २९ तारखेला सकाळी ते दोन्ही लॅबच्या लोकांना घेऊन तुमच्याकडे येतील. एक नवं तोंड स्कॅन करून आणतील आणि तू सगळ्यांसमोर पंधरावं करून दाखवायचंस. खुर्च्यांचा निर्णय त्याच दिवशी लागेल. तुझं नाव मीच सुचवलं.

तयारी वेगळी काय करायची तुला! नजर आहेच.

लोभ आहे.

धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या भावोजींचं आहे, अक्षरावरून ओळखलं असशीलच. तुला काही लिहायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून लिहितोय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ताईने ते दोनदा वाचलं आणि पीठ चाळायला बसली. पीठ आधीच चाळलेलं होतं. तेव्हापासून ती अर्धा तास सोडून दोन-दोन तास आधी लॅबला जाते, किल्ली मागून घेतली आहे. येते ती बोलत नाही. माझ्यावर ओरडतही नाही, त्याची मला जास्त भीती वाटते. काल मी घासलेल्या पातेल्याला खालून काळं तसंच होतं आणि तिने ते मुकाट्याने शेल्फवर ठेवलं.

आज सकाळी मी सरळ विचारलं. तेव्हा म्हणाली, की तीन झाली आहेत. चौदा नाही, तीन. तिसऱ्याची खालची कड अजून बसत नाही. बाकीची अकरा तिने नुसतीच लिहिली. पहिल्या आठवड्यातली दोन खरी होती, पण दुसऱ्या आठवड्यातही दोनच कळवायची तिला लाज वाटली, आणि मग पुढचे आकडे थांबेनात. एवढं बोलून ती उठली आणि कपाटावरचा तक्ता फाडून टाकला.

मला यातलं काही कळत नाही. पण तुला कळत असेल. खुर्ची गेली तर ती जगेल, पण सगळ्यांसमोर फजिती झाली तर मला अवघड वाटतं. जमलं तर तू ये. मी सांगितलं असं सांगू नकोस.

आम्हा दोघांचा लोभ तुझ्यावर आहे, पैकी एकाच्या लोभाची ग्वाही मी देतो.

तुझे भावोजी

२५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. खुशालीचं काही लिहीत नाही. हे पत्र कुरियरने पाठवतेय म्हणजे २९च्या आधी तुझ्या हातात पडेल. फोन तीनदा लावला आणि रिंग जायच्या आधी ठेवला.

मला माहीत होतं. भावोजींनी सांगण्याच्या आधीपासून. सरावाच्या फोल्डरमध्ये तोंडं फक्त नऊ आहेत, ताई. दोन्ही लॅबमध्ये तेच फोल्डर आहे. शेवटचं एका म्हाताऱ्या माणसाचं आहे, खालचा जबडा नुसता रेघेसारखा झिजलेला. त्यानंतर काही नाही. तू चौदा लिहिलंस तेव्हाच मला कळलं, की तू फोल्डरच्या शेवटापर्यंत कधी गेलीच नाहीस.

कळलं आणि मी तुला विचारलं नाही. चिठ्ठ्या घेतल्या आणि मालकांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांना नऊचा आकडा माहीत नाही, ते कधी त्या खुर्चीवर बसलेले नाहीत. प्रात्यक्षिकाची कल्पना माझी. सगळ्यांना बोलावण्याची कल्पनाही माझी. त्या दिवशी मी तुला गोड पत्र लिहिलं आणि मला फार छान वाटत होतं, हे मी तुला सांगितलंच पाहिजे. तू सगळ्यांसमोर अडखळशील, मालक बघतील, आणि परत आल्यावर ते कपाट उघडून ती कवळी काढून ठेवतील, असं मी मनात दोन-तीनदा रंगवलं.

नऊ वर्षं मी इथे नवं नवं शिकतेय. रंग जुळवणं शिकले, स्कॅनर शिकले, हे शिकले. तुला ही पद्धत वाटते. खरं तर मला एकदा तरी तुझ्यापेक्षा बरं काही यायला हवं होतं, आणि मेणात ते कधीच जमणार नव्हतं, म्हणून मी दर तीन महिन्यांनी दुसरीकडे पळत राहिले. चष्म्याचं तू लिहिलंस ते निमित्त झालं. आधीपासून साचलेलं होतं.

आता एवढंच कर. २९ला ताप आला म्हणून घरी राहा. मी मालकांना सांगते की चिठ्ठ्या वाचण्यात माझी चूक झाली, आकडे मी भलतेच धरले. बोलणी मी खाईन. तुला महिनाभर मुदत मिळवून देते.

लोभ मागण्याचं तोंड मला राहिलेलं नाही.

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला पेन दोन दिवस उचललं नाही. आज लिहितेय, ते घे.

तुझं पत्र मला २७ला मिळालं. वाचून मी तुला काय काय म्हणाले ते तुझ्या भावोजींना विचार, मला लिहायला लाज वाटते. आईवरूनही काहीतरी बोलले. आई आपली एकच आहे, हे मागाहून लक्षात आलं.

ताप मला आला नाही. मी गेले. तू खिडकीशी उभी होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस, ते मी पाहिलं. पण मी काय बोलले ते तुला नीट ऐकू आलं असेल असं वाटत नाही, कारण मी सुरुवात केली आणि तू पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलीस, ती शेवटपर्यंत आली नाहीस. म्हणून सांगते.

मी खुर्चीवर बसायच्या आधीच म्हटलं, की चौदा खोटं आहे. तीन झालीत. बाकीचे आकडे मी बहिणीला दाखवायला लिहिले. कोणीतरी मागे हसलं. मालकांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, मग चौथं करा. मी केलं. वरचा जबडा बरा झाला. खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूला रेघ घसरली, तेव्हा मी सगळ्यांना थांबवून दाखवलं, की मी इथे अडते, गेला दीड महिना इथेच अडते. आमच्यातल्या एकीने पुढे होऊन विचारलं, की मलाही तिथेच होतं, मग तुम्ही काय करता? मी म्हटलं, काही नाही, पुन्हा आखते. दोन तास लागले. मालकांनी घड्याळ चारदा पाहिलं.

शेवटी म्हणाले, दात सुंदर बसलेत, पण या वेगाने चालणार नाही. खुर्च्या आमच्यातल्या दोन तरुण मुलींना मिळाल्या. दोघी चांगल्या आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही, पण चांगल्या आहेत. मी कालपासून पॅकिंगला आहे. चिकटपट्टी मला सरळ फाडता येत नाही, तेही शिकतेय. तिसरी खुर्ची ऑक्टोबरात येणार, तेव्हा पुन्हा परीक्षा.

मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की बहिणीला हे कळलं नव्हतं का? मी म्हटलं, तिचा माझ्यावर विश्वास आहे. तुला वाचवलं असं समजू नकोस. तू मला आणि मी तुला काय केलं, ते आपल्या दोघींचं आहे, त्यात मालकांना वाटा कशाला द्यायचा?

मला तुझा राग आला आहे. तो जाईल तेव्हा जाईल, तारीख देत नाही. पण एक गोष्ट रागाच्या आधी मनात आली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझ्या पत्रात ते वाक्य आलं, की तोंडं नऊच आहेत आणि शेवटचं त्या म्हाताऱ्याचं. तेव्हा मी पहिला विचार हा केला, की म्हणजे ही शेवटपर्यंत गेली. हिने नऊच्या नऊ केली. फसवलंस, हे मला दुसऱ्या ओळीला कळलं, पहिल्या ओळीला फक्त हेवा वाटला. एवढा हेवा मला आयुष्यात कोणाचा वाटला नाही, आणि तुझा तर लहानपणापासून वाटतो. मी मेणापाशी थांबले, तू थांबली नाहीस. तू ते माझ्यापासून पळत केलंस म्हणतेस. केलंस ना पण?

आता जे लिहितेय ते चोवीस वर्षांत कोणाला लिहिलेलं नाही, आणि तुला तर मुळीच लिहायचं नव्हतं. खालच्या जबड्याची कड मला येत नाही. तुला येते. रविवारी ये आणि मला शिकव. माऊस माझ्याच हातात राहील, तू शेजारी बसायचंस, आणि मी चुकले की सांगायचंस. हसलीस तरी चालेल.

आपला लोभ कमी व्हावा म्हणून आपण दोघींनी जेवढं करता येईल तेवढं केलं. तो काही गेला नाही. तेव्हा आहे तसा राहू दे.

तुझी ताई